एक भिंत रंगवून काय होतं?

मागच्या काही भागांत आपण गटाचं अंतर्गत कर्ज, शेळीपालन, अंगावरचं दुखणं अशा विषयांवर बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वस्तीतल्या नाहीतर गावातल्या एखाद्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं, ते कसं काढायचं आणि त्यातून काय साधतं, हे आज समजून घेऊ.

काही जणी हसतील. आम्हीही हसलो होतो. आमच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि तुम्ही भिंती रंगवायला निघालात. चित्रानं हंडा भरतो का?" प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आज बोलताना आम्ही तो प्रश्न सोडणार नाही. शेवटी पुन्हा त्याच्याकडे येऊ.

आमची वस्ती छत्रपती संभाजीनगरच्या कडेला, एका नाल्याला लागून आहे. इथली निम्मी घरं दुष्काळानं शहरात आणलेली. कोणी २०१२-१३ च्या दुष्काळात आलं, कोणी २०१५-१६ च्या. गावाकडे दोन-चार एकर कोरडवाहू, विहीर आटलेली, म्हणून लेकरांना घेऊन इथे आलो. पुरुष बिगारी, रंगकाम, हमाली करतात. बाया धुणीभांडी आणि बांधकामावर जातात. घराचं भाडं भरतो, मतदान करतो, तरी "तुमचं गाव कोणतं" असं विचारलं की आम्ही सोडून आलेल्या गावाचंच नाव सांगतो. या वस्तीला आपलं म्हणावं असं कोणाला वाटतच नव्हतं.

वस्तीत शिरताना डाव्या हाताला चाळीस फुटांची एक लांब भिंत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी आपल्या गावाजवळ शहराचा कचरा टाकायला विरोध केला आणि शहरभर कचऱ्याचे ढीग साचले, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. त्या दिवसांत या भिंतीखाली जो ढीग लागला, तो पुढे कायमचाच झाला. बाहेरच्या सोसायट्यांतले लोकही गाडी थांबवून पिशव्या फेकत. आणि खरं सांगायचं तर आम्हीही फेकत होतो. जागा घाण असली की तिथे आणखी घाण टाकायला हात धजावतो.

त्याच भिंतीजवळून मुली शाळेत जायच्या. संध्याकाळी शिकवणीहून येताना तिथे अंधार, मोकाट कुत्री आणि बसलेली टोळकी. सातवी-आठवीनंतर दोन-तीन मुलींची शाळा सुटली. घरच्यांनी कारण काहीही सांगितलं तरी आम्हाला माहीत होतं, की ती वाट हेही एक कारण आहे.

पहिल्या वेळी आम्ही चुकलो

आमचा पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगतो. कारण त्यातून शिकायला जास्त मिळालं. कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही बाहेरून पेंटर बोलावला. त्याने एका दिवसात "स्वच्छता राखा", "मुलगी वाचवा" अशा घोषणा मोठ्या अक्षरांत लिहिल्या, पैसे घेतले आणि गेला. दोन महिन्यांत त्या अक्षरांवर पानाच्या पिचकाऱ्या आल्या आणि खाली पुन्हा पिशव्या साचल्या. कोणाला वाईटही वाटलं नाही. भिंत आमची नव्हती आणि आता तिच्यावरची अक्षरंही आमची नव्हती. शिवाय ती अक्षरं आम्हाला हुकूम सोडत होती. गरीब वस्तीतल्या भिंती नेहमी आपल्याला काहीतरी शिकवतात: हे करू नका, ते करू नका. आपण कोण आहोत हे विचारणारी भिंत कुठे दिसत नाही.

'सामुदायिक कला' हा शब्द इथे समजून घेऊ. भिंतीवर चित्र आहे एवढ्यानं ती सामुदायिक कला होत नाही. काय काढायचं हे तिथल्या लोकांनी ठरवलेलं असतं, हात त्यांचा असतो आणि नंतरची राखणही त्यांची असते. या तीनपैकी एक जरी सुटलं तरी उरतो तो नुसता रंग.

हे काही नवीन नाही

ही कल्पना शहरातल्या शिकलेल्या लोकांची आहे असं समजू नका. दारात रांगोळी, नागपंचमीला भिंतीवर काढलेला नाग, दिवाळीत शेणाचे पांडव, पोळ्याला रंगवलेली बैलांची शिंगं. आपल्या आया-आज्या हे सगळं करत आल्या. त्याला कोणी कला म्हटलं नाही, एवढंच.

आपल्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. तिथे ३० लेणी आहेत. सर्वात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली. तिथे आधी भिंत कशी तयार केली ते पाहा. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवताचे तंतू, शेण. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काजळी, चुना. निळा दगड तेवढा लांबून आणलेला, बाकी रंग मातीतून आणि चुलीतूनच निघालेले. शेणामातीनं घर सारवणाऱ्या बाईला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

पालघर जिल्ह्यातली वारली चित्रं आज साड्यांवर आणि हॉटेलांत दिसतात. मुळात ती लग्नाच्या वेळी सवाष्णींनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची. भास्कर कुलकर्णी नावाचे एक मराठी चित्रकार होते. १९६६-६७ मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना मिथिला भागात पाठवलं होतं. तिथल्या बाया घराच्या भिंतीवर चित्रं काढत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिले, म्हणजे चित्रं विकता येतील आणि दुष्काळात घरात चार पैसे येतील. त्यातूनच मधुबनी चित्रं जगाला माहीत झाली, आणि १९७५ मध्ये त्यांतल्या जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. पुढे हेच कुलकर्णी डहाणूकडे आले आणि वारली चित्रांना बाहेरची वाट मिळाली. तिथले जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या आपण बायांनी यातलं एक लक्षात ठेवायचं: दुष्काळात शेत गेलं, जनावरं गेली, तरी त्या बायांच्या हातातली कला राहिली होती.

चित्रच असायला हवं असंही नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्यावस्त्यांत जात. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना गाण्यातून कळत होतं की आपली ही स्थिती देवानं लिहिलेली नाही, ती बदलता येते. वामनदादा कर्डकांची गाणी आजही आमच्या वस्तीत १४ एप्रिलला रात्रभर चालतात. अण्णा भाऊ साठे मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, झोपडपट्टीतच. आणि जात्यावरच्या ओव्या तर सगळ्या बायांच्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

घाटकोपरची टेकडी

वस्ती रंगवण्याचं आपल्या राज्यातलं सर्वात गाजलेलं काम याच घाटकोपरमध्ये झालं. असल्फा ही टेकडीवर चढत गेलेली वस्ती. समोरून मेट्रो जाते. डिसेंबर २०१७ मध्ये 'चल रंग दे' नावाच्या गटानं शेकडो स्वयंसेवक आणून तिथल्या भिंती रंगवल्या. पिवळा, निळा, गुलाबी, मध्ये मोठाली चित्रं. मेट्रोतून जाणारे लोक खिडकीशी येऊन पाहू लागले, फोटो काढू लागले. जिथे कोणी ढुंकून पाहत नव्हतं ती वस्ती वर्तमानपत्रांत आली.

असं जगभर झालंय. मेक्सिको देशात पाचुका शहराजवळ पाल्मितास नावाची गरीब वस्ती आहे. २०१५ मध्ये तिथली २०९ घरं मिळून एकच मोठं चित्र वाटावं अशी रंगवली. अल्बानिया देशातल्या तिराना शहराचे तेव्हाचे महापौर एदी रामा स्वतः चित्रकार. २००० नंतर त्यांनी शहरातल्या जुन्या करड्या इमारतींना भडक रंग दिले. लोक रस्त्यावर कचरा टाकेनासे झाले, असं त्यांनी पुढे सांगितलं.

पण आम्ही असल्फाची चित्रं मोबाईलवर पाहिली तेव्हा बैठकीत एका ताईनं विचारलं, "मेट्रोतून भिंत दिसते. आतली बाई दिसते का?" बाहेरचा रंग बाहेरच्या लोकांसाठी असतो. आतल्या बाईला तरीही टेकडीच्या पायऱ्या चढायच्याच असतात. म्हणून आम्ही आमच्यासाठी एक नियम केला: जे चित्र काढायचं ते आपल्या मुलींना रोज पाहावंसं वाटेल असं असावं. फोटो काढणाऱ्यांना आवडलं तर आवडलं.

दुसऱ्या वेळी काय केलं

आता कृती सांगतो. ही गावातही जशीच्या तशी करता येईल.

पहिली पायरी, वस्तीफेरी. सकाळी पंधरा-वीस बाया आणि मुलं मिळून वस्तीतून चाललो. प्रत्येकीनं दोन जागा दाखवायच्या: एक जिथे थांबावंसं वाटतं ती आणि दुसरी जिथून पटकन निघून जावंसं वाटतं ती. जवळजवळ सगळ्यांनी दुसरी जागा म्हणून तीच भिंत दाखवली. मग ती निवडली.

दुसरी पायरी, परवानगी. ही तोंडी घेऊ नका. १९९५ पासून राज्यात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे. दिसेल त्या भिंतीवर रंग लावला तर तो गुन्हा ठरू शकतो. शाळेची भिंत असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज द्या. ग्रामपंचायतीची असेल तर महिला ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्या. खाजगी असेल तर मालकाची सही घ्या. प्रत्येक अर्जाची पोच गटाच्या फाइलला लावा. अर्ज लिहायचा, पोच घ्यायची, ही सवय पुढे फार उपयोगाला येते.

तिसरी पायरी, विषय. इथेच भांडणं होतात, आमचीही झाली. कोणी म्हणालं देवी काढा, कोणी म्हणालं आमचे महापुरुष काढा. दोन बैठका यातच गेल्या. शेवटी सगळ्यांना एक गोष्ट पटली. ज्यांना आपण पूजतो, मानतो, त्यांची जागा मानाची असते. पावसात रंग उडेल, कोणी पिचकारी मारेल अशा भिंतीवर त्यांना आणायचं नाही. पुढाऱ्यांची नावं, पक्षांची चिन्हं आणि देणगीदारांच्या पाट्याही नकोत. मग काय काढायचं? एका मुलीनं सुचवलं की प्रत्येक घरानं आपण जे गाव सोडून आलो त्या गावातली एक गोष्ट सांगावी.

आमच्या गटात एक आजी आहेत. पाच वर्षं हप्ता वेळेवर, पण बैठकीत तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "ज्वारीचं कणीस काढा. निसवलेलं. हुरड्याला आलेलं." आणि मग त्या बोलतच राहिल्या. शेत कुठं होतं, विहीर किती परस होती, शेवटची ज्वारी कोणत्या साली पेरली. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही. त्या रात्री बैठक साडेदहाला संपली. नवऱ्यांचे फोन आले तरी कोणी उठलं नाही. त्यानंतर कोणी मोट सांगितली, कोणी वेशीतली चिंच, कोणी पत्र्याची शाळा, कोणी हातपंप. चित्राच्या शेवटच्या टोकाला, वस्तीच्या बाजूला, आमच्या आजच्या गल्लीतली घरं काढायचं ठरलं. म्हणजे ती सगळी गावं चालत या गल्लीत आली, असं ते चित्र झालं.

चौथी पायरी, पैसे. बचतीचे पैसे अजिबात वापरायचे नाहीत. बचत नियमित, परतफेड नियमित, हे आपलं पहिलं सूत्र, त्याला धक्का नको. आम्ही वेगळी वर्गणी काढली. ३८ घरांनी २० रुपये दिले, ७६० झाले. वस्तीत रंगकाम करणारे पुरुष आहेत. त्यांनी कामावरचे उरलेले डबे मालकांना विचारून आणले. अंदाजासाठी सांगतो: लिटरभर बाहेरच्या रंगात साधारण ५० ते ६० चौरस फूट भिंतीवर दोन हात होतात. आमची रंगवायची जागा चाळीस फूट लांब आणि सहा फूट उंच, म्हणजे २४० चौरस फूट. त्याला साडेचार-पाच लिटर रंग लागला. वर्गणीचे पैसे चुना, ब्रश, घासायचा कागद आणि चहात गेले. पै-पैचा हिशोब कागदावर लिहून किराणा दुकानाच्या दाराला चिकटवला.

पाचवी पायरी, भिंत तयार करणं. आधी कचरा उचलला, दोन दिवस लागले. भिंत तारेच्या ब्रशनं खरवडायची, पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळू द्यायची. भेगा बुजवायच्या. ओल येणारी भिंत निवडू नका, तिथे कोणताच रंग टिकत नाही. गावात मातीची भिंत असेल तर तिला ऑइल पेंट लावू नका. आत ओल कोंडते आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. मातीला गेरू आणि चुनाच चांगला. कळीचा चुना रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, थोडा डिंक घाला. चुना भिजवताना तो उकळतो, भाजतो, डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. म्हणून लेकरं लांब ठेवा आणि नुसत्या हातानं कालवू नका. तांदळाच्या पिठाची चित्रं सुरेख दिसतात, पण ती पडवीत, घरात. पावसात ती धुऊन जातात. बाहेरच्या सिमेंटच्या भिंतीला बाहेरचाच रंग घ्या. काम दिवाळीनंतर थंडीत करा. पावसाळ्यात नको आणि कडक उन्हाळ्यातही नको.

सहावी पायरी, चित्र मोठं करणं. "आम्हाला कुठे चित्र काढता येतं?" असं सगळ्या म्हणतात. ठिपक्यांची रांगोळी येते ना? तेवढं पुरे. वहीच्या कागदावर चित्र काढा, त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा. भिंतीवर गवंड्याचं सूत गेरूच्या पाण्यात बुडवून ताणा आणि टिचकी मारा, सरळ रेघ उमटते. अशा एक-एक फुटाच्या रेघा पाडा. मग कागदाच्या एका चौकोनात जेवढं आहे तेवढंच भिंतीच्या एका चौकोनात उतरवा. ठिपके धरून रांगोळी मोठी करतो तसंच हे आहे. बाह्यरेषा ज्यांचा हात स्थिर त्यांनी काढायच्या. आत रंग भरायला कोणीही चालतं. खालचा दोन फुटांचा पट्टा आम्ही लहान मुलांना दिला. कामावर जाणाऱ्या बाया रविवारी आल्या, बाकीच्या दुपारी. जिला ब्रश धरायचा नव्हता तिनं चहा केला, आणि तिचंही नाव यादीत लिहिलं.

चार रविवार लागले. ज्वारीचं कणीस आजींनीच भरलं. दाणा न् दाणा वेगळा. बाकीचं चित्र आठवड्यात उरकलं असतं, पण कणसासाठी सगळे थांबले.

मग काय झालं?

आता परिणाम सांगतो, आणि वाढवून सांगत नाही.

कचरा टाकणं बऱ्याच अंशी थांबलं. पूर्ण नाही. बाहेरून येणारी एक गाडी तरीही थांबायची. एका संध्याकाळी आजी तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, हे माझं शेत आहे." तो माणूस पिशवी परत गाडीत ठेवून गेला. घोषणा लिहिलेल्या भिंतीसाठी असं कोणी उभं राहिलं नव्हतं.

भिंतीसमोर बाया संध्याकाळी बसू लागल्या. बसायला आधी जागाच नव्हती. बाया बसल्या म्हणून टोळकी हलली. बसलो म्हणून बोलणं झालं. बोलता बोलता कोणी म्हणालं, इथे दिवा असता तर अजून तासभर बसता आलं असतं. मग अर्ज लिहिला. जिथे द्यायचा त्या कार्यालयात दिला, पोच घेतली. तीन वेळा जाऊन आलो. एकदा तर अर्ज सापडतच नाही असं सांगितलं, तेव्हा पोच दाखवली. चार महिन्यांनी दिवा लागला. शाळा सुटलेल्या मुलींपैकी एकीनं पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं. बाकीच्या दोघी आल्या नाहीत. एकीचं लग्न झालं होतं.

आशा म्हणजे काय, हे आम्हाला इथे कळलं. आशा म्हणजे चांगलं होईल असं वाटत राहणं, अशी आपली समजूत असते. पण नुसतं वाटून बाई अर्ज लिहायला बसत नाही. आधी तिला स्वतःच्या हातानं काहीतरी बदललेलं दिसावं लागतं. गटात पहिल्यांदा कर्ज फेडून पासबुकात शून्य बाकी पाहिली तेव्हा जे वाटलं होतं ना, तेच. भिंतीचा उपयोग हा, की ते पासबुक सगळ्यांना एकदम दिसतं, रोज दिसतं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दिसतं. त्यानंतर दिवा मागावासा वाटतो. दिवा मिळाला की पुढचं मागावंसं वाटतं.

आपल्या शहरात खाम नदीच्या काठाचंही असंच दिसतं. वर्षानुवर्षं ती लोकांना नालाच वाटत होती. काही वर्षांपूर्वी महापालिका, छावणी परिषद, कंपन्या आणि नागरिकांनी मिळून साफसफाई सुरू केली, काठावर बाग झाली. आता लोक तिथे फिरायला जातात आणि तिला नदी म्हणतात. काम मोठं असो की चाळीस फुटांचं, जागेला तिचं नाव परत मिळालं की माणसं तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

काही सावधगिरीही सांगतो. भिंत चांगली झाली की पाहुणे येतात, फोटो काढतात. लेकरांचे फोटो आईला विचारल्याशिवाय काढू देऊ नका. "आम्ही सगळी वस्ती फुकट रंगवून देतो, फक्त आमचं नाव टाका" असं सांगत कोणी आलं, तर बैठकीत विचार केल्याशिवाय हो म्हणू नका. आणि रंगवलेली वस्ती पाहून कोणी म्हणालं की इथे आता सगळं छान आहे, तर त्याला हात धरून शौचालयापर्यंत न्या. रंग म्हणजे आपल्या अडचणींवर टाकलेला पडदा होऊ नये.

राखणही ठरवून घ्या. पहिल्या पावसाळ्यात आमचा हातपंप गळून पडला. चित्रातला म्हणतोय. तिथे भिंत नीट खरवडली नव्हती, घाई केली होती. आता गल्लीप्रमाणे तुकडे वाटून दिलेत, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ज्याचा तुकडा त्यानं दुरुस्त करायचा.

भिंत नसेल किंवा परवानगी मिळाली नाही तर अडू नका. गावातल्या म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा आणि मोबाईलवर भरून घ्या. कोणत्या गावच्या, कोणाकडून शिकल्या, हे त्यांच्याकडूनच बोलवून घ्या. त्यांची परवानगी असेल तर रेडिओवर लावता येतील. गाडगेबाबा आधी झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. दोन्ही एकाच माणसानं, एकाच दिवशी. झाडू आणि कला यांची फारकत त्यांनी कधी केली नाही.

आता मावशींचा प्रश्न. चित्रानं हंडा भरतो का? नाही भरत. आजही आमच्या नळाला रोज पाणी नाही. ड्रम भरून ठेवावे लागतात आणि टँकरकडे डोळे असतात. पण गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा अर्ज घेऊन जायचं ठरलं, तेव्हा आधी पाच-सहा जणी यायच्या तिथे एकतीस बाया आल्या. सगळ्यांच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. कुठे जमायचं, असं कोणी विचारलं नाही. सगळ्या आपोआप भिंतीजवळ आल्या होत्या, आणि मावशी सगळ्यांच्या आधी.

त्या अर्जाचं काम अजून चालू आहे. काय झालं ते पुढच्या एखाद्या भागात सांगू. तुमच्या गावात अशी एखादी जागा असेल, जिथून पटकन निघून जावंसं वाटतं, तर या महिन्याच्या बैठकीत तिचा विषय घ्या. हिशोब झाल्यावर पंधरा मिनिटं पुरतील.